निगेटिव्ह जपा, प्रिंटवर हात चालू द्या

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातली. मामाचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्याचा जुना याशिका कॅमेरा मला मिळाला. तेव्हापासून मी ब्लॅक अँड व्हाइट रोलवर कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो काढून राहिली. आता प्रिंटवर सरकी, सूत, कापूस विकल्याच्या पावत्या चिकटवते, कधी हळद लावते. घरचे म्हणतात मोबाईल असताना रोलवर पैसे कशाला घालवते. आर्ट कॉलेजातली मैत्रीण म्हणते की हे ना फोटो ना चित्र, शाळेतल्या हस्तकलेसारखं दिसते. तुम्ही स्टुडिओच्या धंद्यातून फोटोवर हाताने काम करण्याकडे कसे आले आणि मी पुढं काय करू?

उत्तर : ताई, मैत्रिणीच्या बोलण्यातला पहिला भाग सोडून दे, दुसरा मात्र नीट ऐक.

ना फोटो ना चित्र, तर असू दे ना. फोटोवर हाताने काम करणं हे आपल्याकडं काही नवीन फॅड नाही. कोणत्याही जुन्या घराच्या ओसरीत बघ, आजोबांची फ्रेम असते, त्यात चेहरा फोटोचा आणि फेटा, कोट, मागचा पडदा रंगवलेला. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चित्रकार तर श्रीनाथजींच्या चित्रात यात्रेकरूंचे चेहरे फोटोतून कापून चिकटवायचे आणि त्यांचे कपडे-दागिने ब्रशने काढायचे. त्याला मिक्स्ड मीडिया, म्हणजे अनेक माध्यमं एकत्र केलेलं काम, हे नाव नव्हतं इतकंच.

माझं शिक्षण असंच झालं. तालुक्याच्या स्टुडिओत लागलो तेव्हा कॅमेरा हातात कोणी दिलाच नाही, रिटचिंगला बसवलं. काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटं आलेली फिल्म, खालून उजेड, आणि टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे खड्डे भरायचे. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागते तिथं प्रिंटवर उजळ येते, म्हणून सगळं उलटं डोक्यात धरून काम करायचं. मग वारलेल्या माणसांचे फोटो यायचे. लग्नाच्या ग्रुप फोटोतला बोटाच्या पेराएवढा चेहरा मोठा करायचा आणि त्याला कोट चढवायचा, ज्यानं आयुष्यात कोट घातला नाही त्यालाही, कारण पोराला बाप तसा पाहायचा असे. लोक फोटोत जेवढं आलं तेवढ्यावर थांबत नाहीत, राहून गेलेलं त्यांना त्यात घालायचं असते, हे मी तिथं शिकलो आणि आजही माझं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे. पुढं डिजिटल आलं, स्टुडिओची डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली, मोडली, निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचा एन्लार्जर मी मागून घेतला. सुरुवातीला नुसते शेतीचे फोटो काढत होतो, चांगले होते पण कोणाचेही असू शकले असते. एकदा वडिलांच्या हातांच्या प्रिंटवर त्यांचीच सोसायटीच्या कर्जाची पावती ठेवून पाहिली आणि तिथून रस्ता बदलला.

आता हस्तकलेचं. मैत्रिणीचं इथं बरोबर आहे असं मला वाटते. वेचणाऱ्या बाईच्या फोटोवर सरकी चिकटवली तर जे फोटोत आहेच तेच तू पुन्हा सांगते. चिकटवलेली वस्तू झाकून बघ, फोटो तेवढंच बोलत असेल तर ती काढून टाक. पावतीचं वेगळं आहे. वेचणीची मजुरी मिळते किलोवर आणि कापूस विकला जातो क्विंटलवर, हे दोन आकडे एका प्रिंटवर आले की कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते दिसते. बायांची बोटं बघ, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या असतात. सूत वापरायचंच तर तिथं वापर, त्या बोटांवरून टाका घाल. आधी सुईनं मागून भोकं पाडून घे मग धागा ओव, नाही तर कागद चिरतो.

सामानाचं पण सांगतो, कारण चांगलं काम इथं वाया जाते. बाजारात मिळणारा प्लास्टिक कोटिंगचा फोटो पेपर पाण्याचा रंग धरत नाही, त्यापेक्षा फायबर बेस, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेल्या, पेपरवर प्रिंट काढ, नाही जमलं तर निगेटिव्ह स्कॅन करून जाड सुती कागदावर प्रिंट घे. हळद दिसते लय सुंदर पण उजेडात उडते, पळसाच्या फुलांचा रंग पण टिकत नाही. गेरू आणि काजळी मात्र टिकते. चिकटवायला गव्हाची खळ चांगली, उद्या काही काढायचं झालं तर पाण्यानं सुटते, फक्त कसर लागू नये म्हणून काम हवेशीर कोरड्या जागी ठेव. आणि निगेटिव्हला कात्री, सुई, रंग काही म्हणजे काही लावू नको. एका निगेटिव्हच्या हव्या तितक्या प्रिंट काढ आणि त्यातल्या बिनधास्त बिघडव.

रोलच्या खर्चाचं घरच्यांना हेच सांग. नुसता फोटो पाहिजे असेल तर मोबाईल भारी आहे, त्यात कमीपणा नाही. पण एका रोलमध्ये 36 फोटो, म्हणून तू त्या बाईजवळ आधी बसते, बोलते, मग बटन दाबते, हा फरक तुझ्या कामात दिसते. बडोद्याचे ज्योती भट्ट मुळात चित्रकार आणि प्रिंटमेकर (छापचित्रं करणारे), 1960 च्या दशकाच्या शेवटापासून गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत फिरून भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, बायांचं गोंदण यांचे फोटो काढत राहिले. सुरुवात नोंद ठेवण्यापासून झाली आणि ती नोंदच त्यांच्या कलेचा मोठा भाग झाली, 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो शोधून बघ. तुझा विषय तुझ्या शेजारीच आहे, तो बदलू नको. निदान एक पूर्ण हंगाम, पेरणीपासून पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटेपर्यंत, त्याच बायांसोबत राहा.

प्रश्न : दादा, मी राजुऱ्याचा. घरीच रोल धुतो. हिवाळ्यात मस्त निघतात पण मे महिन्यात निगेटिव्हवर बारीक सुरकुत्या आल्या आणि फोटो लयच काळे-पांढरे झाले. रोल खराब होता का?

उत्तर : रोल बहुतेक चांगला होता भाऊ, पाणी तापलेलं होतं. डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणाऱ्या द्रवाचे, टाइम 20 अंशाचे दिलेले असतात आणि आपल्याकडं उन्हाळ्यात स्लॅबवरच्या टाकीचं पाणी हातही धरू देत नाही. अशा पाण्यात डेव्हलपिंग भराभर होते म्हणून कॉन्ट्रास्ट वाढला. सुरकुत्यांचं असं की फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, तो गरम पाण्यात फुगतो आणि एका गरम द्रवातून दुसऱ्या थंड द्रवात गेला की आकसतो. म्हणून डेव्हलपर थंड करून भागत नाही, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रव), फिक्सर (फोटो पक्का करणारं द्रव) आणि शेवटचं धुवायचं पाणी, सगळं एकाच तापमानाला पाहिजे. मोठं घमेलं घे, त्यात माठाचं पाणी आणि बर्फ टाक, सगळ्या बाटल्या त्यात उभ्या ठेव. बर्फ बाहेरून, बाटलीत टाकू नको, डेव्हलपर पातळ होते. 20 वर नाहीच आलं तर 24 वर सगळं एकसारखं ठेव आणि दर अंशाला साधारण दहा टक्के वेळ कमी कर, पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नको, डाग पडतात. उन्हाळ्यात पहाटे धुतलेलं सगळ्यात बरं.

प्रश्न : मी आर्वीजवळच्या खेड्यातली शिक्षिका. आमच्याकडं डार्करूम नाही, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मुलांसोबत फोटोचं काही हाताने करता येईल का? खादीवर फोटो छापता येतो असं ऐकलं.

उत्तर : मॅडम, येतो, आणि त्याला लाइट लागतच नाही, ऊन लागते. सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधून काढलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळाचे ठसे याच पद्धतीनं घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली, कॅमेरा न वापरता. म्हणजे तुमची मुलं तुरीची फांदी, कडुनिंबाचं पान, कापसाचं बोंड ठेवून सुरुवात करू शकतात.

फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम वेगळ्या 100 मिली पाण्यात. दोन्ही बाटल्या वेगळ्या आणि अंधारात ठेवायच्या, वापरताना सारख्या प्रमाणात मिसळून ब्रशने लावायचं, अंधाऱ्या खोलीत वाळवायचं. हे मिसळण्याचं काम तुम्ही हातमोजे घालून स्वतः करा, मुलांकडं देऊ नका, आणि फेरिसायनाइड तीव्र अ‍ॅसिडजवळ किंवा आगीजवळ नेऊ नका. खादी कोरी असेल तर आधी धुऊन खळ काढा. पान ठेवा, वर काच दाबा, भर उन्हात दहा मिनिटांच्या आसपास ठेवा, हिरवट-पिवळा रंग राखाडी पडला की झालं. मग साध्या पाण्यात धुवा, पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मुलं इथंच ओरडतात, पाण्यात निळं उमटायला लागते तेव्हा.

आपल्या भागात एक अडचण येते. बोअरचं पाणी क्षाराचं असते आणि हा निळा रंग क्षाराला भितो. पहिल्या पाण्यात थोडा लिंबाचा रस पिळा. आणि ही खादी पुढं कधी सोड्यात किंवा निरम्यात धुवू नका, फिकी पडेल. उलट हाच गुण कामाला पण येतो : मोठ्या मुलांसोबत छापलेला कपडा धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात घालून निळा रंग थोडा उडू द्या, नीट धुवा आणि मग काळ्या चहात किंवा हिरड्याच्या काढ्यात बुडवा, निळ्याचा तपकिरी-काळा होते.

खरे फोटो छापायचे तर हे लक्षात घ्या की यात चित्र निगेटिव्हएवढंच येते, रोलच्या निगेटिव्हचं तर तिकिटाएवढं. म्हणून मोबाईलमधला फोटो उलटा करून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, झेरॉक्सवाल्याकडून ट्रान्सपरंट शीटवर मोठी प्रिंट घ्या. मुलांना घरून आजीचा फोटो आणायला सांगा, पण शाळेत मूळ फोटो आणू देऊ नका, मोबाईलवर काढून आणू द्या.

प्रश्न : मी वडसा देसाईगंजचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टरं फार आवडतात. भिंतीवर एकावर एक चिकटलेल्या फाटक्या पोस्टरांचे फोटो काढतो. त्या पोस्टरांचे तुकडे माझ्या प्रिंटवर वापरले तर चोरी होईल का?

उत्तर : भाऊ, तुझ्याकडं खजिनाच आहे. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या कंपन्यांचं गाव, दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की भिंतीवर थरावर थर चढतात, आणि एका नायिकेचा डोळा दुसऱ्या नाटकाच्या नावातून बघत असते. पॅरिसमध्ये जाक व्हिलग्ले यांनी 1949 पासून रस्त्यावरची फाटकी पोस्टरंच भिंतीवरून उतरवून कला म्हणून मांडली. तुझ्या पोस्टरातली माणसं मात्र तुझ्या ओळखीची आहेत, तेव्हा विचारून काम कर. कंपनीच्या बुकिंग ऑफिसात जा, काय करतो ते सांग, नटांच्या चेहऱ्यांवर कात्री चालवणार असशील तर त्यांनाही दाखव. आणि तिथंच विचार की पोस्टरावरचे फोटो कोण काढायचं, पूर्वी नावं हातानं कोण रंगवायचं. असा जुना पेंटर सापडला तर त्याच्याकडून तुझ्या प्रिंटवर अक्षरं काढून घे आणि प्रिंटच्या मागं त्याचं नाव लिही. भिंतीवरचं पोस्टर उतरवायचं ते प्रयोग होऊन गेलेल्या नाटकाचंच.