शाफ्ट ओढायचा नसतो, उचकायचा असतो

प्रश्न : नमस्कार सर, वळताना पुढून कट कट आवाज येतो म्हणून पुढचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारे, चाक फिरवणारे दांडे) घरीच काढायला घेतले. डावीकडचा हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टला धरणारा मोठा नट) काढला, खालचा बॉल जॉइंट सोडवला, बाहेरचं टोक हबमधून निघालं पण गिअरबॉक्सकडचं हलेचना. शाफ्ट धरून जोरात ओढला तर खट झालं आणि आतला रबरी बूट (जॉइंटवरचं ग्रीस धरणारं कव्हर) ताणला गेला. मोडलं का काही? उजवा कसा काढू?

उत्तर : बहुतेक मोडलं नाहीये, पण आता ओढणं थांबवा. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते त्यांच्या वाटीत पुढे मागे सरकतात, शाफ्ट ओढला की रोलर वाटीतून बाहेर येतात आणि वाटी गिअरबॉक्सलाच अडकून राहते, तुमचं तेच झालंय असं वाटतं. बूटची क्लिप काढून बघा, रोलरच्या आत सुईसारखे बारीक बेअरिंग असतात, त्यातला एखादा ग्रीसमध्ये पडला असेल तर शोधा.

आता वाटी काढायची. तिच्या दांड्याच्या टोकाला एक बारीक तारेची सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी उघडी रिंग असते, ती आतल्या गिअरमध्ये अडकते, अख्खी पकड तिचीच. आधी गिअरबॉक्सचं ऑइल काढून घ्या नाहीतर सगळं अंगावर येईल. मग चपटी पहार वाटी आणि गिअरबॉक्सच्या मध्ये घालून एक छोटा झटका द्या, हळूहळू दाब देत बसू नका त्याने क्लिप सुटत नाही. नाही निघालं तर वाटी पाव फेरा फिरवून परत झटका द्या. पहारीचं टोक ऑइल सीलवर (ऑइल अडवणारी रबरी कड) टेकवू नका, आणि गिअरबॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची, म्हणजे मऊ असते हे विसरू नका. सुटली की सरळ बाहेर घ्या, वाकडी काढली तर दांड्यावरच्या दात्यांनी सील कापलं जातं.

उजवा शाफ्ट बऱ्याच गाड्यांत दोन तुकड्यांचा असतो, मधे इंजिनला बोल्टने धरलेलं बेअरिंग. तसं असेल तर बोल्ट काढायचे, पहार नाही. हब नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, कोणालातरी ब्रेक दाबायला बसवा, आधी खाचेत ठोकलेली नटची कड छन्नीने उघडा, बॉक्स पाना बहुतेक ३०, ३२ नाहीतर ३६चा लागतो. टोक हबमधून निघत नसेल तर जुना नट आट्यांवर लावून मग ठोका, उघड्या आट्यांवर हातोडा मारणारे मी बरेच पाहिलेत, मग नवा नट चढतच नाही. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडवावा लागला तर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

अजून एक, काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम निघाले की आतले गिअर जागेवरून सरकतात म्हणून गिअरबॉक्सच्या डाव्या भोकात शाफ्टच्याच जाडीचा लाकडी दांडा घालून मगच उजवा काढा. लावताना सर्क्लिप आणि हब नट नवीनच घ्या. आणि शाफ्ट नसताना गाडी चाकांवर ढकलू नका, चाकाचं बेअरिंग त्या नटच्या दाबावरच धरून असतं.