बांगडा जाळीला का चिकटतो?

प्रश्न : आमचे घर रत्नागिरीजवळ आहे. बंदरावरून ताजा मासा मिळतो आणि परसात वांगी, भेंडी, दोडका व लाल माठ आहे. सुट्टीच्या दिवशी अंगणात शेगडी पेटवून बांगडे आणि भाज्या भाजून जेवण करण्याचा दोनदा प्रयत्न केला. परंतु दोन्ही वेळा माशाची साल जाळीला चिकटून फाटली, बाहेरचा मसाला करपला आणि काट्याजवळचे मांस कच्चेच राहिले. वांगीही वरून काळी आणि आतून टणक निघाली. कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक)

उत्तर : आपल्या पत्रावरून दोन गोष्टी जाणवतात : मासा ओला असताना जाळीवर गेला असावा आणि निखारे तयार होण्याआधीच भाजायला सुरुवात झाली असावी. ओल्या सालीवरचे पाणी आधी वाफ होऊन जाते, तोवर सालीला कुरकुरीतपणा येत नाही आणि माशातील प्रथिने तापलेल्या लोखंडाला घट्ट धरून बसतात. म्हणून बांगडा साफ करून, पोटातील काळा पापुद्रा व पाठीच्या काट्यालगतचे रक्त काढून धुतल्यावर त्याला मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी सुती फडक्याने आतूनबाहेरून टिपून घ्यावे. बोटाला ओल लागत नाही इतका मासा कोरडा झाला पाहिजे. माझ्या सासूबाई चुलीवर बांगडे भाजण्याआधी ते सुपात मांडून थोडा वेळ वाऱ्याला ठेवीत. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले.

मसाल्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : ताज्या बांगड्याला जाड वाटण लावू नये. लसूण, लाल तिखट, हळद आणि चमचाभर कोकमाचे आगळ एवढे पुरे, आणि तेही दोन्ही अंगांना दिलेल्या तिरक्या चिरांत व पोटात भरावे. बाहेरून केवळ खोबरेल तेलाचा हात फिरवावा. सालीवर थापलेली लसूण मासा शिजण्याच्या कितीतरी आधी जळते आणि कडवट लागते. आगळ लावलेला मासा तासन्‌तास मुरवत ठेवण्याचेही कारण नाही, कारण आंबटाने मांस पांढरे पडून भुसभुशीत होते.

मासा ताजा आहे का, हे घरी आणण्यापूर्वीच पाहावे. डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालभडक, अंग ताठ आणि बोटाने दाबल्यावर खड्डा भरून येणारे असावे. बांगडा उष्ण जागी पडून राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते भाजल्याने नाहीसे होत नाही. त्याने चेहरा लाल होणे, खाज सुटणे, डोके दुखणे असे त्रास होतात. म्हणून बंदरापासून शेगडीपर्यंत त्याला बर्फ सोडू देऊ नये.

निखाऱ्यांसाठी अर्धा तास धीर धरावा. ज्वाळा विझून कोळशावर करडी राख चढल्यावर जाळी ठेवावी, ती चांगली तापू द्यावी आणि तेलात भिजवलेल्या फडक्याने चिमट्याच्या साह्याने पुसून घ्यावी. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून चार-पाच मोजेपर्यंत तग धरता आला, तर आच योग्य आहे. दोन-अडीचशे ग्रॅमच्या बांगड्याला प्रत्येक बाजूस चार-पाच मिनिटे लागतात. उलटताना मासा सुटत नसेल तर ओढू नका. अर्धा मिनिट थांबा, साल कुरकुरीत झाली की तो आपसूक सुटतो. पाठीच्या काट्याजवळ सुरीचे टोक घालून पाहावे : मांस पांढरे आणि अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटत असेल तर झाले.

भाज्या माशाच्या आधी जाळीवर गेल्या पाहिजेत. वांग्याचे उभे दोन भाग करून आतल्या बाजूने आडवे-उभे काप द्यावेत, मीठ लावून पाणी टिपावे, तेल लावावे आणि निखारे जरा विरळ असलेल्या बाजूस पंधरा मिनिटे सावकाश भाजावे. आपली वांगी टणक राहिली ती भर आचेवर ठेवल्याने. भेंडी न चिरता, देठासह सळईत ओवून पाच-सहा मिनिटांत होते आणि चिरलेली नसल्याने चिकटही होत नाही. दोडका व लाल माठ मात्र जाळीसाठी नव्हेत. माठाची लसूण-खोबऱ्याची परतून भाजी करावी, दोडक्याचे दुसऱ्या दिवशी पाहावे.

शेगडी घरात किंवा बंद पडवीत मुळीच पेटवू नये, कारण कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. पावसात अंगण नसेल तर बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवून त्यावर हेच बांगडे भाजता येतील. सोबत गरम तांदळाची भाकरी आणि सोलकढी असावी, आणि मासा जाळीवरून काढल्यावर दोन मिनिटांत ताटात वाढावा.