‘नववधू प्रिया’ लग्नाचं गाणं की मरणाचं? ग्वाल्हेरच्या गच्चीवरून उत्तर

तुम्ही विचारलंय की बहिणीच्या पाठवणीला ‘नववधू प्रिया, मी बावरते’ लावायचं ठरलं होतं आणि ऐनवेळी मामा म्हणाले अरे हे मरणाचं गाणं आहे, शुभकार्यात काय लावताय, तर खरं काय. आधी उत्तर सांगून टाकतो. अर्थाच्या बाबतीत मामा बरोबर आहेत, पण गाणं जरूर लावा. आता का ते सांगतो, जरा लांबेल कारण हा आमच्या घरातला कित्येक वर्षांचा वाद आहे.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागातला. आमच्याकडे कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतात, दूध आटेपर्यंत जुनी गाणी लागतात आणि ‘नववधू’चे कवी भा. रा. तांबे, त्यांचं एखादं लागलं की दोन पार्ट्या पडतात. आत्या लग्नपार्टीची, मोठे काका मरणपार्टीचे. मी लहानपणी आत्याकडून भांडायचो, कॉलेजात असताना पार्टी बदलली तर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि भा. रा. तांबे म्हणजे आमच्यासाठी पुस्तकातले लांबचे कवी नाहीत हो. जन्म मुंगावलीचा, ग्वाल्हेर संस्थानातला, आयुष्य गेलं ते देवास, ग्वाल्हेर असं इकडच्या संस्थानांतच, ग्वाल्हेरचे राजकवी होते आणि 1941 साली गेले तेही इथंच. गाणं गायलं लताबाईंनी, वसंत प्रभूंच्या चालीवर, आणि लताबाईंचा जन्म 1929 चा, इंदूरचा. म्हणजे कवी आणि गायिका दोघंही आमच्या बाजूचे, त्यामुळे या गाण्यावर आम्ही जरा जास्तच हक्क सांगतो.

आत्याचं म्हणणं एकदम सरळ. मुलगी सासरी निघालीय, घाबरलीय, ‘मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा’ असं स्वतः सांगतेय, मग प्रत्येक गाण्यात यमराज कशाला शोधायचा? वर तिची खास थिअरी अशी की ‘लाजते, पुढे सरते, फिरते’ मधलं ‘फिरते’ म्हणजे फेरे, सप्तपदीचे. इकडं आजूबाजूला सगळे हिंदीवाले फेरेच म्हणतात ना, म्हणून तिच्या कानाला ते तसंच लागतं. मला हे पटत नाही, फिरते म्हणजे इथं सरळ मागे फिरते, एक पाऊल पुढे एक मागे. पण थिअरी गोड आहे हे मान्य.

काकांचा मुद्दा वेगळा. ते म्हणतात अगं त्या काळात नवरीनं नवऱ्याचं तोंड नीट पाहिलेलं नसायचं आणि ही म्हणते ‘कळे मला तू प्राणसखा जरी’? संसार अजून सुरूच झाला नाही आणि म्हणते तुजवाचुनि संसार फुका? इतकी जुनी ओळख नव्या नवऱ्याशी कशी असेल, ती जिवाची देवाशीच असणार. यावर आत्या म्हणते कवितेत सगळं चालतं, आणि मग दूध उतू जातं.

माझं मत मात्र एका शब्दावर ठरलं, सासर. आपल्या संतांकडे बघा, देव म्हणजे माहेर. पंढरपूर हे माहेर, ‘माझे माहेर पंढरी’ लहान मुलालासुद्धा माहीत असतं. तुकोबा तर म्हणतात ‘कन्या सासुर्‍याशी जाये, मागे परतोनी पाहे’, म्हणजे तिथंसुद्धा सासरी निघालेली मुलगी आहे, मागं वळून बघणारी आहे, पण तिची ओढ मागे आहे, कारण केशव मागे आहे, माहेरात. तांब्यांची नवरी पण तशीच मागं बघते, बागबगीचा सोडताना तिचं मन चरचरतं, पण इथं प्राणसखा पुढे उभा आहे, सासरी. चित्र तेच आणि दिशा बरोबर उलटी!

ही उलटी दिशा आमच्या उत्तरेकडची आहे. कबीराच्या निर्गुणी, म्हणजे निराकार देवाच्या, भजनांत हे जग म्हणजे नैहर, माहेर, आणि देवाघरी जाणं म्हणजे सासरी जाणं, डोली उचलणारे कहारसुद्धा येतात त्यात. ‘बाबुल मोरा नैहर छूटो ही जाए’ घ्या, अवधचा नवाब वाजिद अली शाहचं, त्याचं लखनौ सुटलं तेव्हाचं म्हणून सांगतात, पण ऐकणाऱ्याला त्यात मुलीची विदाई पण दिसते आणि शेवटची विदाई पण. इकडचा माणूस हे ऐकत मोठा होतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही. तांबे याच हवेत राहिले, दोन्ही भाषा कानावर, म्हणून मला वाटतं की मराठी नवरीला त्यांनी निर्गुणी डोलीत बसवलं. पुरावा म्हणून कागद नाही दाखवू शकत, पण हाच विचार करताना मला कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, आठवतात. 1948 ला ते देवासला येऊन राहिले, निर्गुणी भजनं गायले आणि त्याच गळ्यानं ‘मला उमजलेले भा. रा. तांबे’ असा कार्यक्रमही केला. दोन्ही ऐकून बघा एकापाठोपाठ, मग बोलू.

आणि शेवटचं कडवं तर बघाच. ‘अता तूच भय-लाज हरी रे, धीर देउनी ने नवरी रे’, आणि पुढे डोळे भरतील ते भरोत असं म्हणून ‘कळे पळभर मात्र! खरे घर ते!’ इथं आमच्याकडे अर्धा तास जातो. पळभर काय, कळणं की डोळे भरणं? मी म्हणतो ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ आठवा, तेही तांब्यांचंच, तेही लता आणि वसंत प्रभूच, आणि तिथं मरणावर रडणारे लोक पळभरच रडतात, मग आपल्या कामाला लागतात. तोच शब्द, तेच मापलेलं दुःख. हे मी पहिल्यांदा गच्चीवर बोललो तेव्हा काकांनी उठून मला जवळ घेतलं होतं.

तांब्यांच्याच ‘मधु मागशि माझ्या सख्या’ वर पण वाद होतो, पण तो लवकर मिटतो. आत्या म्हणते सखा म्हणजे जोडीदार. पण त्या सख्याला हवंय काय तर तरुण-तरुणींची सलज्ज कुजबुज, झाडाझऱ्यांचं गूज, हे जोडीदार कशाला मागेल, हे वाचक मागतो कवीकडे. कवी म्हणतो आता ते प्रेमगीतं लिहिण्याचं वय नाही, ‘संध्याछाया भिवविति हृदया’. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकाचं नाव इथूनच आलंय.

पण एक आहे, काकांना तांब्यांच्या ‘डोळे हे जुलमि गडे’ मध्येसुद्धा मृत्यू दिसतो आणि तिथं मी आत्याच्या बाजूनं. कुणीतरी रोखून बघतंय म्हणून बिचारीचा कशिदा चुकतोय, ‘येथ उभे राहु नका’ म्हणते, त्यात यम कुठून आला? गूढ अर्थ शोधायचा तर ओळींत जागा पाहिजे त्याला. नववधूत आहे, इथं नाही.

आता तुमच्या लग्नाचं. माझ्या चुलत बहिणीच्या विदाईला आम्ही हेच गाणं लावलं होतं, आत्याच्या हट्टानं, आणि काकांनीच मोबाईल स्पीकरला जोडून दिला. मुलगी निघताना घाबरते आणि माणूस निघताना घाबरतो ते सारखंच घाबरणं आहे, कवीनं एक वापरून दुसरं सांगितलं कारण पहिलं इतकं खरं होतं, त्यामुळे लग्नाचा अर्थ खोटा ठरत नाही. मामांना हे सांगा, तुकोबांची ओळ पण ऐकवा. आणि गाणं पूर्ण लावा, ‘खरे घर ते’ पर्यंत, मधेच गाडी निघाली म्हणून बंद नका करू. आमच्याकडे गाडी थांबवली होती. बहिणीनं काच खाली करून शेवटचं कडवं ऐकलं, आणि आत्या खिडकीशी वाकून तिला म्हणाली, बघ, फेरेच आहेत.