अठ्ठावीस कोरांचा सालदार

चोपड्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम करतात, गावातच छोटा स्टुडिओ आहे, घरची थोडी शेतीही आहे. पत्र मोठं आहे, कामापुरतं इथं देतो:

"सर, वर्षाला 40-42 लग्नं होतात. जमा नऊ लाखांच्या आसपास, खर्च जाऊन 4 लाख 80 हजार हातात राहतात. नवीन कॅमेरा घेतल्यापासून त्याचं फुटेज जुन्या कॉम्प्युटरवर अडकत चालतं. काम उरकत नाही म्हणून 15 लग्नांचं एडिटिंग जळगावला बाहेर देतो, एका लग्नाचे 4 हजार. गोलाणी मार्केटमध्ये नवीन डेस्कटॉपचं कोटेशन 1 लाख 95 हजारांचं मिळालं, 16 कोरचा रायझन 9 प्रोसेसर. मुंबईचा एक व्यापारी जुनं वर्कस्टेशन 95 हजारांत देतोय. त्यात सर्व्हरचे दोन झिऑन ई5-2680 व्ही4 प्रोसेसर, म्हणजे 28 कोर, आणि 128 जीबी रॅम. वॉरंटी तीन महिने. तो म्हणतो, सर्व्हरचा प्रोसेसर मरत नाही. एक लाख वाचतात, ते पतसंस्थेत टाकीन. अडीच लाखांची एफडी आहे, ती मोडायची म्हणतो. बचत खात्यात 70 हजार आहेत आणि लोकांकडे 1 लाख 10 हजार येणं आहे. काय करू?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो, हिशेब मग. झिऑन घेऊ नका. एक लाख पंच्याण्णवचाही घेऊ नका. दीड लाखाच्या आसपासचा डेस्कटॉप तुमच्या कामाला पुरतो. आणि एफडीला हात लावू नका.

तुम्ही शेतीच्या घरातले, म्हणून आपल्याकडचंच बोलतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो. वर्षाची रक्कम ठरते, धान्य ठरतं, आणि मग तो माणूस वर्षभर शेताचा असतो. रात्री दोनला लाइट आली तर पाणी भरायलाही तोच उठतो. ज्याची वीस एकर केळी आहे त्याला सालदार परवडतो. दीड एकरवाला कोणी सालदार ठेवत नाही, निंदणीला चार दिवस माणसं लावतो आणि मोकळा होतो. सर्व्हरचा प्रोसेसर हा सालदार आहे. शेकडो लोक एकाच वेळी काम सांगणार, दिवस-रात्र, वर्षभर, अशा ठिकाणासाठी तो बनवलेला असतो. म्हणून त्यात कोर, म्हणजे काम करणारे हात, भरपूर आणि प्रत्येक कोरचा वेग बेताचा. तुमच्याकडे काम सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही.

मी काही प्रोसेसरचा जाणकार नाही. पण भुसावळला माझे एक ग्राहक हेच काम करतात आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वी असंच दोन झिऑनचं मशीन घेतलं होतं. तुमचं पत्र आल्यावर मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी टास्क मॅनेजर उघडून दाखवला. 28 कोर, प्रत्येक कोरला दोन थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाचे दोन धागे, म्हणून पडद्यावर 56 छोटे चौकोन. टाइमलाइनवर हळदीचा प्रसंग चालू केला. पाच-सहा चौकोन वरपर्यंत निळे झाले, बाकीचे तळाशी सपाट रेघ धरून बसले. पंगत छप्पन्न जणांची मांडलेली, जेवायला बसलेत सहाजण, आणि त्या सहाजणांच्याही पानात वाढपी हळूहळू वाढतोय. चित्र अडकत होतंच. नवरीच्या गालाला हळद लावायला नेलेला हात मध्येच थांबायचा, मग एकदम कपाळावर दिसायचा.

शेवटी फिल्म रेंडर करायला, म्हणजे एडिट झालेल्याची पक्की फाइल बनवायला, लावली तेव्हा मात्र बरेच चौकोन भरले. तिथं 28 कोरांचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण रेंडर तुम्ही रात्री लावून झोपता. मशीन पहाटे तीनला मोकळं झालं काय आणि पाचला झालं काय, तुमच्या खिशात काय फरक पडतो? पैसा जातो तो खुर्चीत बसून अडकलेलं चित्र बघण्यात आणि प्रॉक्सी फाइली, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, तयार होईपर्यंत चहा पिण्यात.

आता ते का अडकतं, हे नीट समजून घ्या, कारण दीड लाखाचा निर्णय त्यावर आहे. तुमचा नवीन कॅमेरा एच 265 या दाबून लहान केलेल्या प्रकारात, 10-बिट 4:2:2 म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून रेकॉर्ड करतो, असं तुम्ही लिहिलंय. ही फाइल आकारानं लहान असते, पण उलगडायला अवघड. ती उलगडण्यासाठी इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वेगळा भाग दिलेला असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. तो झिऑन ई5 मध्ये नाहीच. तुमच्या कोटेशनमधल्या रायझन 9 मधल्या ग्राफिक्सलाही 4:2:2 चं हे काम येत नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात ही सोय आली ती 2025 च्या 50 मालिकेपासून. म्हणजे एक लाख पंच्याण्णव हजार मोजून 16 कोर घेतले आणि कार्ड जुन्या मालिकेतलं निघालं, तर अडकणं थोडं कमी होईल, संपणार नाही. भुसावळच्या ग्राहकांनी नंतर इंटेलचा कोअर अल्ट्रा 7 265के घेतला. 20 कोर, त्यातले 8 जोरदार आणि 12 हलक्या कामाचे. तेच हळदीचं फुटेज त्यावर प्रॉक्सीशिवाय चाललं. हेही माझ्यासमोर.

दुकानात एक गोष्ट विसरू नका. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, म्हणजे 265केएफ वगैरे, तर नको म्हणा. तो हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, कारण त्यात ग्राफिक्सचा भाग नसतो, आणि क्विक सिंक त्या भागातच असतं. स्वस्त पडतो म्हणून कोणी 13व्या-14व्या पिढीतला वरचा प्रोसेसर गळ्यात मारायला लागला तर तोही टाळा. त्या चिपांच्या अस्थिरतेचा दोष 2024 मध्ये कंपनीनं स्वतःच मान्य केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

व्यापारी म्हणतो, सर्व्हरचा प्रोसेसर मरत नाही. खरं आहे, प्रोसेसर सहसा मरत नाही. पण बैल धडधाकट असला तरी गाडीचा आस मोडतोच की. हा झिऑन 2016 चा. बोर्ड, पंखे, पॉवर सप्लाय त्याच वयाचे, आणि तयार वर्कस्टेशनमध्ये बोर्ड आणि पॉवर सप्लाय बहुतेक वेळा त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. गोलाणीतला कोणताही पॉवर सप्लाय उचलून बसवला, असं होत नाही. ऐन लग्नसराईत बोर्ड गेला तर तुम्ही मुंबईला फोन करत बसणार आणि इकडे नवरीचा भाऊ तुम्हाला फोन करत बसणार. ती 128 जीबी रॅमही रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरच्या प्रकारची असेल. पुढं साध्या डेस्कटॉपला लावू म्हणाल तर चालत नाही.

विंडोजचं तर सांगायलाच हवं. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 च्या मान्य यादीत हा झिऑन नाही. जुगाड करून बसवतात लोक, मला माहीत आहे. पण त्याच मशीनवर तुम्ही नेट बँकिंग करणार, गिऱ्हाइकांच्या घरातले फोटो ठेवणार. तिथं जुगाड नको.

आता पैशांचं. डेस्कटॉप 265के, 32 जीबी रॅम, 2 टीबी एसएसडी आणि मध्यम ग्राफिक्स कार्डासह 1 लाख 52 हजारांत बसतो, भुसावळच्या बिलावरून सांगतोय. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून आज 64 चा हट्ट नको. 16 च्या दोन पट्ट्या घ्या, दोन खाचा रिकाम्या ठेवा. हे मशीन पाच वर्षं धरलं तर वर्षाला 30,400 रुपये पडतात. ते 95 हजारांचं झिऑन मी तीन वर्षांपलीकडं धरणार नाही, म्हणजे वर्षाला 31,667. वाचलेला एक लाख कुठं गेला, तो दाखवा मला.

मिळकतीच्या बाजूनं बघा. तुम्ही 15 लग्नं बाहेर देता, त्याचे 60 हजार जातात. त्यातली 10 घरी करता आली तर 40 हजार रोख वाचतात. डेस्कटॉप त्यात आपला वर्षाचा खर्च भरून काढून वर साडेनऊ हजार ठेवतो. झिऑनवर फुटेज अडकतच राहणार, म्हणजे ती 10 लग्नं पुन्हा जळगावलाच.

विजेचा बाऊ मात्र करू नका, दोन्ही बाजूंनी. झिऑनची जोडी सरासरी 150 वॅट जास्त खाते असं धरलं, रोज 8 तास, वर्षाला 200 दिवस, तर 240 युनिट होतात. 12 रुपयांनी 2,880 रुपये. त्यावर काही निर्णय ठरत नाही. उष्णतेचा त्रास खरा. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकलेला असताना त्या खोलीत अजून एक शेगडी पेटवल्यासारखं होईल, आणि मग तुम्ही एसीच्या दुकानात उभे दिसाल.

दुकानदार म्हणेल, बिल घ्या, टॅक्स वाचेल. तुमचा वाचणार नाही. कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो तो हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्याला. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्सा नफा धरून, विवरणपत्र भरता, तिथं घसारा वेगळा मागता येत नाही. शिवाय नवीन करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर 2025-26 पासून कर शून्य आहे, मग वाचवणार काय? जीएसटीचंही तेच. तुमची जमा 20 लाखांच्या आत, नोंदणी नाही, म्हणून भरलेले 18 टक्के परत मिळत नाहीत. तो खर्चच. बिल घ्यायचं ते वॉरंटीसाठी, आणि घ्यायचंच.

एफडी का मोडायची नाही? कारण तुमच्या घरात अडीअडचणीला तेवढीच रक्कम आहे. दवाखाना असो की पावसानं दगा दिलेलं साल, धावून जायचं ते तिच्याकडेच. शिवाय मुदतीआधी मोडली की बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते. त्याऐवजी असं जमवा. बचत खात्यातले 40 हजार. येण्यातले 60 हजार वसूल करा, आणि हे पाच मिनिटांचं काम नाही, मला कल्पना आहे. पेन ड्राइव्ह हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि पडल्यावर तर ओळखही देत नाही. म्हणून ज्यांची फिल्म अजून तुमच्याकडे आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. उरले 52 हजार, ते एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून उचल, काढून. बँक एफडीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त लावते. साडेआठ टक्के धरले आणि सहा महिन्यांत फेडले तर व्याज 2,210 रुपयांच्या आत. 'शून्य टक्के' हप्त्याच्या नादी लागू नका. त्यात प्रोसेसिंग फी असते, आणि रोखीची सूट जाते ती वेगळीच.

पतसंस्थेबद्दल जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू? एवढंच लक्षात ठेवा, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

सर्व्हर कोणाला घ्यायला सांगीन? आर्किटेक्टांचं रेंडरिंग दिवस-रात्र करणाऱ्याला. चार-चार ग्राफिक्स कार्डं लावणाऱ्याला, कारण तेवढ्या कार्डांना माहितीच्या ये-जा साठी लागणाऱ्या वाटा डेस्कटॉपमध्ये नसतात. किंवा दहा माणसं एकाच हिशेबावर बसतात अशा पेढीला. तिथं ईसीसी रॅमचाही अर्थ आहे. ती एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते, आणि रकमेतला एक बिट फिरला तर घोटाळा होतो. तुमच्या फिल्ममध्ये एक ठिपका चुकला तर नवरीच्या आईलाही दिसायचा नाही.

तुम्हाला सर्व्हरची खरी गरज एकाच बाबतीत आहे, लग्नं साठवायला. त्यासाठी जुना कॉम्प्युटर विकू नका, पाच-सहा हजारांपेक्षा जास्त कोणी देणार नाही. त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क टाका, दोन्हीवर तेच फुटेज ठेवा आणि कोपऱ्यात चालू द्या. डिस्क यंदाच नको, ओव्हरड्राफ्ट फिटल्यावर घ्या. तोवर गिऱ्हाइकाला फिल्म दिल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसू नका.

गोलाणीत जाताना तुमच्या कॅमेऱ्यातली एखादी क्लिप, खूप हालचाल असलेली, वरातीतल्या नाचाची चालेल, पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानदाराला म्हणा, 265के बसवलेल्या मशीनवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चालवून दाखव. आधी क्लिप डिस्कवर उतरवून घ्यायला लावा, नाहीतर पेन ड्राइव्हच अडकेल आणि दोष प्रोसेसरला जाईल. तो चहा मागवेल. चहा येऊन संपेपर्यंत नाच कुठं थांबला नाही, तर बिल करायला सांगा.