अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेत जज ओळखीच्यांनाच जिंकवतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करत धावण्याच्या स्पर्धेत तुमची बीगल कुत्री बाकीच्यांपेक्षा जोरात पळाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण जजने मध्येच एकदा पंजा वर केला, दोनदा मूठ वर केली, शेवटी दोन्ही हात क्रॉस केले आणि तिला बाद केलं. कारण कोणी सांगितलं नाही. मग आधीच ठरलेलं असतं का सगळं?

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी मला तसं वाटत नाही. कारण सांगितलं नाही म्हणता, पण त्या चार खुणांमध्ये ते सांगून झालेलं आहे. ते तुम्हाला आधी कोणी शिकवलं नाही, ही मात्र आपल्या इथल्या स्पर्धांची खरी उणीव आहे.

मी नाशिकच्या स्पर्धांमध्ये रिंगच्या कडेला लेखनिक म्हणून बसतो. लेखनिकाने कुत्र्याकडे बघायचंच नसतं. समोर कितीही सुंदर फेरी चाललेली असो, नजर जजच्या हातांवर ठेवायची आणि हात वर गेला की कागदावर खूण करायची. जजची नजर कुत्र्यावरून हलत नाही, लेखनिकाची जजवरून हलत नाही, वेळ तिसराच माणूस किंवा यंत्र मोजतं. तिघांचं जुळवून निकाल लागतो. यात ‘मला हा कुत्रा आवडला’ म्हणायला जागाच नाही.

आता खुणा. मी एफसीआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाचे नियम धरून सांगतो. उघडा पंजा म्हणजे फॉल्ट: हर्डलची दांडी पडली, किंवा उतारावरच्या रंगवलेल्या पट्ट्यात पाय पडला नाही. मूठ म्हणजे रिफ्युजल: कुत्रा अडथळ्यासमोर थबकला, किंवा त्याच्या बाजूने पुढे निघून गेला. प्रत्येकाचे 5 दोष. तिसऱ्या रिफ्युजलला बाद. क्रॉस केलेले हात म्हणजे थेट बाद, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे क्रम चुकणं. सातव्या अडथळ्यानंतर आठवा घ्यायचा सोडून कुत्रा अकरावा घेऊन आला की फेरी संपली, मग वेग कितीही असो.

बीगलच्या बाबतीत माझा अंदाज सांगतो. पंजा बहुधा ए-फ्रेमवर मिळाला असणार. ही एकमेकांना टेकवलेल्या दोन फळ्यांची चढण असते, शिखर 1.70 मीटरवर. तिच्या खालच्या टोकाला वेगळ्या रंगाचा, बहुतेक वेळा पिवळा पट्टा असतो. त्यात निदान एक पाय पडायलाच हवा. लोकांना हा नियम उगाचचा वाटतो. पण वरूनच उडी मारणाऱ्या कुत्र्याचा सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो, आणि हे शेकडो वेळा झालं की खांदा जातो. सी-सॉचंही, म्हणजे मधोमध टेकून वर-खाली झुलणाऱ्या फळीचंही, तसंच, फळी जमिनीला टेकेपर्यंत कुत्र्याने उतरायचं नाही. जजने वर केलेला तो पंजा तुमच्या कुत्रीच्या खांद्यासाठी असतो. म्हणून मी या एका नियमाबद्दल फार कडवा आहे. पट्टा चुकला तरी ‘जाऊ द्या, छान पळाला’ म्हणणारा जज मला नको आहे.

दोन मुठींपैकी एक वीव्ह पोलची, म्हणजे नागमोडी वळत पार करायच्या उभ्या खांबांची असणार. 12 खांब, दोन खांबांत 60 सेंटिमीटर अंतर, आणि शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे यायला हवा. वेगात आलेला कुत्रा पहिली फट सोडून दुसऱ्या फटीत घुसतो. प्रेक्षकाला तो सळसळत जाताना दिसतो, जजला चुकलेला प्रवेश दिसतो. तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं.

‘सगळ्यात जोरात पळूनही’ याबद्दल. समजा कोर्स 180 मीटरचा आहे आणि जजने सेकंदाला 4 मीटर असा वेग धरला. म्हणजे ठरलेली वेळ 45 सेकंद. एखादी शांत लॅब्राडोर काहीही न पाडता 46.32 सेकंदांत आली, तर जास्तीच्या 1.32 सेकंदांचे तिचे 1.32 दोष. एखादा बॉर्डर कॉली 36 सेकंदांत आला पण एक दांडी पाडली, तर त्याचे 5. लॅब्राडोर पुढे. वेग बघितला जातो तो दोष समान झाल्यावर. रिंगबाहेर बसलेल्यांना हे पटत नाही आणि तिथूनच ‘सेटिंग आहे’ची कुजबुज सुरू होते.

आपल्याकडचा घोळ समजतो मला. नाशिकमध्ये लोकांनी पाहिलेले असतात ते डॉग शो. तिथे जज कुत्र्याचे दात बघतो, चाल बघतो, त्या जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी ताडून बघतो आणि शेवटी त्याचं मत हाच निकाल असतो. अ‍ॅजिलिटीचा जन्मही शोच्याच मैदानात झाला, पण वेगळ्या घराण्यातून. 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये मधल्या वेळात काहीतरी करमणूक हवी होती. जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या शो-जंपिंगवरून कुत्र्यांसाठी अडथळे मांडले. 1980 मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. दांडी, रिफ्युजल, ठरलेली वेळ हे सगळं घोड्यांकडून आलेलं आहे. घोड्याचं रूप तिथे कोणी बघत नव्हतं, इथेही बघत नाहीत.

मग जज करतो काय? माझ्या मते त्याचं खरं काम पहिला कुत्रा रिंगमध्ये यायच्या आधीच झालेलं असतं. कोर्स तोच आखतो. एफसीआयच्या कोर्समध्ये 15 ते 22 अडथळे असतात. ते कुठे ठेवायचे, कुत्रा कुठून वळणार, हॅण्डलरला, म्हणजे कुत्र्याला वाट दाखवणाऱ्या माणसाला, धावायला जागा कुठे मिळणार, आणि पिवळे पट्टे नीट दिसतील असं आपण स्वतः कुठे उभं राहणार, हा सगळा विचार कागदावर होतो. मग मैदानात मांडणी होते आणि जज मोजण्याचं चाक घेऊन कुत्र्याच्या वाटेने चालतो. उदाहरण सांगतो. ए-फ्रेमच्या पोटाखालून टनेल, म्हणजे कुत्र्याने आत शिरून पार करायचा बोगदा, वाकवून घातलेला असतो आणि त्याचं तोंड चढणीला अगदी लागून येतं. कुत्रा धावत येतो तेव्हा त्याला दोन्ही एकाच वेळी दिसतात. नवख्या कुत्र्यांना टनेल भयंकर आवडतो, बीगलला तर विचारू नका. हॅण्डलरचा खांदा जरा चुकीकडे वळला की कुत्री टनेलमध्ये गेलेली असते आणि जजचे हात क्रॉस झालेले असतात. तुमचं तेच झालं असावं असं मला वाटतं. हा सापळा आहे, पण सगळ्यांसाठी सारखा आहे, आणि तो आधी बघायला तुम्हाला वेळ दिलेला असतो. फेरीआधी काही मिनिटं कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघू देतात. त्या वेळात बरेच जण नुसते आकडे पाठ करतात. तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक वळणावर खाली बसा आणि कुत्रीच्या उंचीवरून बघा, तिला आधी काय दिसतंय.

अन्याय होतच नाही असं मी म्हणणार नाही. तो दुसरीकडे होतो. एक म्हणजे उंची. एफसीआयमध्ये चार गट आहेत: 35 सेंटिमीटरपेक्षा कमी, 35 ते 43, 43 ते 48 आणि त्यावरचे. तिसरा गट 2023 पासून आला. उंची मोजतात ती खांद्यांच्या वरच्या टोकाशी. बीगल नेमकी पहिल्या दोन गटांच्या सीमेवर येते. कुत्री ताठ उभी आहे की बिचकून खाली वाकली आहे, यावर तिच्यासमोर दांडी 25-30 सेंटिमीटरची येणार की 35-40 ची हे ठरतं. टेप लावून घाईत मोजलं असेल तर आधीच विनंती करा: सपाट फरशी आणि मापाची चौकट मागा. हे मागण्यात काहीही उद्धटपणा नाही.

दुसरं, जमीन. थंडीत सकाळी लवकर गंगापूर रोडकडच्या एखाद्या लॉन्सवर स्पर्धा असेल तर गवतावर दहिवर असतं. पहिल्या दहा कुत्र्यांचे पाय घसरतात, उन्हं वर आल्यावर धावणाऱ्यांचे नाही. हे जजने आणि आयोजकांनी बघायला हवं. माझं ठाम मत आहे की गवत सुकेपर्यंत रिंग उघडू नये, मग कार्यक्रम तासभर लांबला तरी चालेल.

तिसरं, जज चुकतोही. कुत्रा सेकंदाच्या काही भागात पट्टा ओलांडतो आणि जज माणूस आहे. शंका असेल तर फायदा कुत्र्याला द्यायचा, ही चांगल्या जजची रीत. मात्र दिलेला निर्णय मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून सहसा बदलत नाही, आणि रिंगच्या दोरीवरून हुज्जत घालू नका. फेऱ्या संपल्यावर शांतपणे जा आणि विचारा, ‘सर, पाचव्या अडथळ्याला मूठ कशासाठी होती?’ बहुतेक जज मन लावून समजावतात. त्यांनाही हा खेळ इथे वाढायला हवाय.

तुम्ही एक लिहिलं नाही, पण विचारतो: बाद झाल्यावर तिला रागावलात का? रिंगमध्ये कुत्र्याशी कठोर वागल्याबद्दल जज बाहेर काढू शकतो, आणि काढावंच. तिच्या दृष्टीने तिने टनेल अगदी बरोबर घेतला होता, तुम्ही दाखवला तोच.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तयारी करायची असेल तर महागडं सामान आणू नका. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप घेऊन हर्डल आणि वीव्ह पोल घरीच होतात, फक्त हर्डलची दांडी धक्का लागला की सुटून पडली पाहिजे, घट्ट बसवू नका. ए-फ्रेम आणि सी-सॉ मात्र अंबड किंवा सातपूरच्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, पृष्ठभाग खरखरीत ठेवायला सांगा. एफसीआयच्या स्पर्धेत 18 महिन्यांखालचा कुत्रा उतरवता येत नाही. घरीही पिल्लाला पूर्ण उंचीच्या उड्या देऊ नका. मार्च-एप्रिलपासून सराव सकाळी सातच्या आत उरका. सुरुवात पिवळ्या पट्ट्यापासून करा: फळी जमिनीवर आडवी ठेवा, टोकाशी खाऊ द्या, तिथे थांबायची तिला सवय लागली की मग फळीची एक बाजू विटेवर उचला.