रामनदीतील पाणकिडे: आधी तळ पाहा, मग गुण द्या

आपल्या नववीच्या विद्यार्थ्यांना पुण्यातील रामनदीच्या वरच्या भागात, भूगावच्या बाजूला मेफ्लायची (बहुधा स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची) पिल्ले भरपूर मिळाली, पाषाण गावाच्या खालच्या बाजूला मात्र केवळ लाल अळ्या मिळाल्या आणि त्यावरून ‘खालची नदी मृत’ असे प्रकल्पात लिहावे का, असे आपण विचारले आहे. मी जलजीवशास्त्राचा तज्ज्ञ नाही, विज्ञान शिकवतो; परंतु हीच चूक आमच्या वर्गाच्या हातून झाली असल्यामुळे सविस्तर लिहितो.

वरच्या ठिकाणी आम्ही गोट्यांवरून खळाळत वाहणाऱ्या पाण्यात जाळी धरली होती. खाली उतरायला सोपे म्हणून पुलाजवळचा गाळाचा डोह निवडला. मुलांनी तीन महिने मन लावून केलेली तुलना परीक्षकांच्या एका प्रश्नात कोसळली आणि त्याचा दोष पूर्णपणे माझा होता. हायड्रोसायकिडी कुळातील कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्या वाहत्या पाण्यात जाळे विणून त्यात अडकलेले अन्न खातात, त्यामुळे डोह कितीही स्वच्छ असला तरी त्या तेथे मिळणार नाहीत. उलट कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. पाषाणच्या खाली सांडपाणी मिसळते हे आपल्या सर्वांना दिसतेच, पण आपले नमुने ते सिद्ध करतात असे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून दोन्ही ठिकाणी खळाळच शोधा, एकाच आठवड्यात जा आणि तळ सारखाच वेळ, समजा तीन मिनिटे, पायाने ढवळा. खाली खळाळ मिळालाच नाही, तर वरचाही डोहच घ्या. पावसाळ्यात जाऊ नका, कारण पुराने किडे वाहून जातात. दिवाळीनंतरचा काळ मला योग्य वाटतो. गुणांकनासाठी आपण बहुधा बीएमडब्ल्यूपी तक्ता वापरत असाल, म्हणजे प्रदूषण जितके कमी सोसते तितके जास्त गुण प्रत्येक कुळाला देणारा तक्ता. तो ब्रिटनमधील कुळांसाठी तयार झाला होता. त्यात कायरोनोमिडीला २ गुण, तर हेप्टाजेनिइडी या मेफ्लायच्या कुळाला १० गुण आहेत. एकूण बेरीज दाखवण्याऐवजी प्रत्येक कुळामागची सरासरी दाखवावी, असे माझे ठाम मत आहे, कारण जास्त वेळ शोधले की बेरीज आपोआप फुगते.

सांडपाण्याच्या भागात मुलांना गमबूट आणि हातमोज्यांशिवाय उतरवू नका. पायाला जखम असलेल्या मुलाला काठावर नोंदवहीचे काम द्या. प्रकल्पात सध्या ‘दोन ठिकाणचे तळ वेगळे होते, म्हणून तुलना अपुरी आहे’ एवढेच लिहा आणि खालचा नमुना पुन्हा घ्या.