ब्रिटनमध्ये गरिबी वाढत असतानाही सरकारी भत्त्यांतील कपातीला लोकांनी पाठिंबा का दिला?

२०१० नंतर काटकसरीचे धोरण आले तेव्हा ‘आम्ही राबायचे आणि इतरांनी बसून खायचे’ ही भावना प्रबळ होती, म्हणूनच २०१३ मध्ये भत्त्यांवर घातलेली कमाल मर्यादा लोकप्रिय ठरली. वास्तविक तिथल्या बहुतेक गरीब मुलांच्या घरात कोणीतरी कमावते असते, आणि २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याचा भत्ता नाकारला गेला त्याची झळ अशाच घरांना बसली. गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या ट्रसेल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या अन्नपेढ्यांनी २०१३-१४ मध्येच ९ लाखांहून अधिक वेळा तीन दिवसांचा शिधा दिला: पास्ता, डबाबंद घेवडा, चहा, दूध. माझ्या मते, ती पिशवी नेणारी शेजारीण दिसली की माणूस हळवा होतो. अनोळखी ‘फुकट्या’बद्दल मात्र त्याचे मन तितकेच कठोर राहते.